मुखवट्याची डावी बाजू

निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने लिहायला घेतलं की पहिलं वाक्य ठरलेलंच असतं: ती घटना आजही आठवते. मीही तेच लिहितो, फक्त ती केव्हा आठवते तेही सांगून टाकतो. घरात आरतीला कापूर पेटला की आठवते. मग मी आरती अर्धी टाकून गॅलरीत जाऊन उभा राहतो. पाहुण्यांना वाटतं, साहेबांचा देवावर विश्वास नाही. बायकोला खरं कारण माहीत आहे, पण ती ते कुणाला सांगत नाही.

नोकरीत मी खून उघडकीस आणले, दरोडेखोर पकडले. ठाणे शहरातल्या ज्येष्ठ नागरिक संघात भाषणाला बोलावतात तेव्हा लोकांना तेच ऐकायचं असतं. या प्रकरणाबद्दल मला कुणी विचारत नाही, कारण कागदावर तो यशस्वी तपास आहे. माझ्या सेवापुस्तकात त्याची नोंद आहे, प्रशस्तिपत्रासकट. नावं मी कुणाचीच घेणार नाही. त्यात सगळ्यात जास्त लाज ज्याला वाटायला हवी तो मीच आहे, तेव्हा इतरांची नावं घेऊन काय करू?

तेव्हा मी कल्याणमधल्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे तपासाचा निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत एका खासगी न्यासाचं छोटं संग्रहालय होतं. खाडीकाठचं जुनं जगणं तिथे मांडलेलं होतं. मिठागरं, मचवे, भाताची कणगी, जुन्या बंदराचा व्यापार, गावदेवींचे मुखवटे. शाळेच्या सहली यायच्या, एरवी शुकशुकाट. मी त्या रस्त्याने जीप घेऊन शेकडो वेळा गेलो असेन, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी तिथले संचालक फिर्याद द्यायला आले. इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात चष्म्याची दोरी. ठाणे अंमलदाराने दिलेल्या खुर्चीवर रुमाल अंथरून बसले.

"मॅटर फार सेन्सिटिव्ह आहे, साहेब," ते म्हणाले. "आमच्याकडचा गावदेवीचा लाकडी मुखवटा चोरीला गेलाय. आणि त्याच्या जागी कुणीतरी हुबेहूब नकली ठेवलाय."

बाहेरगावचे एक तज्ज्ञ पुढच्या आठवड्यात यायचे होते, ते न कळवताच आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, आले. त्यांनी कपाट उघडायला लावलं, मुखवट्यावर नखाने टकटक केलं आणि सांगितलं की हे लाकूड नाही, फायबर आहे. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक संचालकांच्या तिजोरीत, दुसरी प्रदर्शन विभागाच्या पर्यवेक्षकाकडे. आणि तज्ज्ञ आले त्या दुपारी हा पर्यवेक्षक दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो म्हणून सांगत होता. संचालकांनी मला एवढं सगळं ताटात वाढूनच दिलं.

या पर्यवेक्षकाला सगळे भाऊ म्हणायचे. मीही तेच म्हणतो. वय पंचावन्नच्या आसपास, मूळचा कोकणातला, वडील होड्या बांधायचे. राहायला ठाण्याला कोपरीत. संग्रहालयातला प्रत्येक देखावा त्याने स्वतः उभा राहून बांधून घेतला होता आणि तो टिकवायची जबाबदारीही त्याचीच होती. सोमवारी संग्रहालय बंद. त्या दिवशी तो एकेक कपाट उघडायचा, ब्रशने धूळ काढायचा, रंग उडाला असेल तिथे लावायचा आणि वहीत नोंद करायचा. मिठागराच्या देखाव्यात डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायकांच्या पुतळ्यांपुढे खऱ्या मिठाचा ढीग होता. ते मीठ पावसाळ्याआधी काढून उन्हात वाळवून पुन्हा रचावं लागतं, हे मला त्यानेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा तो मुखवट्याच्या कपाटापाशी उभा होता. माझा हवालदार वाकून बघायला लागला, तर हा म्हणाला, "काचेवर हात नको टेकू. घामाचा डाग बसतो."

माझं डोकं तिथेच फिरलं. चोरीचा संशय याच्यावर आणि हा पोलिसाला हात कुठे ठेवायचा ते शिकवतोय. माझा एक ठोकताळा होता. निर्दोष माणूस पोलीस आले की आधी पोलिसाच्या तोंडाकडे बघतो. हा काचेकडे बघत होता. अशा ठोकताळ्यांवर माझी तीस वर्षं निघाली आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघाले. पण ते किती वेळा चुकले, याची नोंद कुठल्याच ठाण्यात ठेवत नाहीत.

"मुखवटा कुठंय?" मी विचारलं.

"सुरक्षित आहे."

"कुठे?"

"ते मी आज नाही सांगू शकत, साहेब. मंगळवारी संग्रहालय उघडायच्या आत तो इथे जागेवर असेल. मी शब्द देतो."

संचालकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बघा, मी म्हटलं होतं ना. आणि खरं सांगायचं तर पोलिसाच्या दृष्टीने हा कबुलीजबाबच होता. चोर मुदत मागतो ती माल पुढे सरकवण्यासाठी. परदेशात असल्या वस्तूंना गिऱ्हाईक असतं, हे संचालक येताना-जाताना चार वेळा म्हणाले होते. मी भाऊला अटक केली. दुसऱ्या दिवशी सुटीच्या न्यायाधीशांपुढे उभं करून पोलीस कोठडी घेतली.

त्याच्यावर मी हात उचलला नाही. उचलला नाही यात मी पुढे बरेच दिवस समाधान मानत होतो. पण हात न उचलता माणसाला किती त्रास देता येतो, ते आमच्या खात्यात शिकवावं लागत नाही. मी त्याला माझ्या टेबलासमोर उभं ठेवलं. मी जेवलो, चहा घेतला, दोन फिर्यादी ऐकल्या, तो उभाच. मग कोपरीहून त्याच्या बायकोला बोलावून घेतलं आणि त्याला दिसेल अशी समोरच्या बाकावर बसवली.

"वहिनी, नवऱ्याला समजवा," मी म्हटलं. "माल कुठंय तेवढं सांगितलं तर प्रकरण हलकं होईल."

बाई सरळ होती. म्हणाली, "माल कसला, साहेब? अहो, आमच्या लग्नातली पितळी समई ते दर दिवाळीला चिंचेने घासतात, पुसतात आणि परत कापडात गुंडाळून ठेवतात. मला लावू देत नाहीत, काजळी धरेल म्हणून. हा माणूस वस्तू विकणारा आहे का?"

भाऊ पहिल्यांदा थोडा हसला. मला त्या हसण्याचाही राग आला.

"सोमवार जाऊ द्या, साहेब," तो म्हणाला. "एवढंच मागतो. मंगळवारी मला फाशी द्या."

"सोमवारी काय आहे?"

जो माणूस मिठाबद्दल अर्धा तास बोलायचा, त्याच्या तोंडून आता अवाक्षर निघेना.

खबर आली ती रविवारी दुपारी. कल्याण स्टेशनबाहेर रिक्षा लावणारा आमचा एक खबरी होता. पाकीटमारांची टीप द्यायचा. त्याला मी सगळीकडे कान ठेवायला सांगितलं होतं. तो मागच्या दाराने आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, आपल्याला मुखवटा-बिकवटा काय माहीत नाय. पण शुक्रवारी दुपारी त्या म्युझियमच्या गल्लीतून दोन बाया घेतलेल्या मी. डोंबिवलीच्या खाली, खाडीकडचं गाव आहे ना, तिकडे. पायात चपला नव्हत्या दोघींच्या. मांडीवर लाल कापडात गाठोडं. खड्डा आला की बोलायच्या, 'हल्लू घे रे, हल्लू.' मला वाटलं, बारकं पोर आहे."

"पोर होतं?"

"पोर कुठे साहेब, एवढा वेळ रडल्याशिवाय राहील का?"

मी भाऊची वही मागवली. मागची पानं उलटली तेव्हा मधलं एक वर्ष सोडून दरवर्षी चैत्रात एक नोंद सापडली, दर वेळी तेवढीच: 'दे. मु. तेल.' देवीचा मुखवटा, तेल. नकली मुखवट्याबरोबर कपाटातलं मखमली कापडही पंचनाम्यात जप्त केलं होतं, ते माझ्या हवालदाराने नाकाशी नेलं. तो स्वतः खाडीकाठच्या आगरी गावातला.

"साहेब, हा करंजाच्या तेलाचा वास," तो म्हणाला. "आमच्याकडं जत्रेला देव माखतात यानं." मग म्हणाला, "उद्या त्या गावची जत्रा हाय."

तपास लागला म्हणतात तो असा. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. त्या क्षणी मी खुर्चीत मागे रेलून दोन मिनिटं विचार केला असता, की चोरीचा माल कुणी अनवाणी जाऊन मांडीवर घेऊन बसतं का, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माल जत्रेत उघड्यावर येईल म्हणून मी दुसऱ्या दिवसासाठी जीप सांगून ठेवली. सोमवारी दुपारी दोन पंच, सहा कर्मचारी, दोन महिला पोलीस असा लवाजमा घेऊन आम्ही गावात गेलो.

त्या गावात आता गाव म्हणावं असं थोडंच उरलं होतं. चारी बाजूंनी टॉवर, मधे पंधरा-वीस घरं आणि रस्त्यासाठी तोडलेल्या देवळाच्या जागी पत्र्याचा मांडव. मांडवात पाटावर लाल कापड आणि त्यावर मुखवटा. हातभर उंचीचा, शिवणीच्या लाकडाचा, डोळे मोठे. पुढ्यात एक साठीची बाई बसली होती. देवीला तेल लावायचा मान तिच्या घराकडे. हाताचा अंगठा तेलात बुडवून ती लाकडात जिरवत होती, तान्ह्या मुलाचं अंग चोळावं तसं. बाकीच्या बाया गाणं म्हणत होत्या. आमचे बूट मांडवात शिरले तसं गाणं थांबलं.

मी जप्तीचं सांगितलं. गलका झाला, दोन-चार तरुण पुढे सरसावले, त्यांना माझ्या लोकांनी बाजूला केलं. त्या मानकरणीने आवाज चढवला नाही.

"साहेब, आमची आय हाय ती," ती म्हणाली. "आमचे आयची चोरी आमी करू?"

"ते कोर्टात सांगा. हात काढा त्यावरून."

"काढते. पन अर्धंच तोंड झायलंय. उरलेलं लावू द्या ना. घटकाभर थांबा. मंग न्या."

माझा हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, लावू द्यायचं का? पाच मिनिटांचं काम हाय."

मी नाही म्हटलं. पुरावा ज्या स्थितीत मिळतो त्या स्थितीत जप्त करायचा, हा नियम आहे. मी नियमाने वागलो. पंचनाम्यात मी स्वतः सांगून लिहून घेतलं: 'मुखवट्याच्या उजव्या बाजूस तेलासारखा ओला पदार्थ लावलेला, डावी बाजू कोरडी.' मग कोऱ्या कापडात गुंडाळून, सुतळी बांधून, लाखेचं सील मारून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवून माल जीपमध्ये ठेवला. मानकरीण तेलाची वाटी हातात धरून रस्त्यापर्यंत मागे आली.

ठाण्यात परत आल्यावर मी कोठडीपाशी गेलो. "मिळाला तुझा मुखवटा," मी म्हटलं.

भाऊ गजांशी आला. कसा मिळाला, कुणी सांगितलं, आता माझं काय होणार, यातलं त्याने काहीच विचारलं नाही.

"तेल लावून झालं होतं?" त्याने विचारलं.

"अर्धं."

तो खाली बसला. मग त्याने सगळं सांगितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

देऊळ तोडायची वेळ आली तेव्हा गावाने मुखवटा संग्रहालयाकडे दिला. कागदावर 'भेट' असं लिहिलं होतं आणि खाली गावकऱ्यांचे अंगठे होते. पण तेव्हाच्या संचालकांनी गावाला तोंडी शब्द दिला होता की जत्रेला तीन दिवस देवी गावात येईल. तो शब्द देताना भाऊ शेजारी उभा होता. पुढे संचालक बदलले. नव्यांनी कागद वाचला आणि मुखवटा द्यायला नकार दिला. त्या वर्षी देवी गावात गेली नाही. पावसाळा सरला आणि एका सोमवारी भाऊला कपाटाच्या तळाशी पिवळट भुगा दिसला. लाकडाला कीड लागली होती. औषधं मारली तर रंग सुटायला लागला. होड्या बांधणाऱ्याच्या मुलाच्या तेव्हा ध्यानात आलं, की इतकी वर्षं ते लाकूड कपाटाने टिकवलं नव्हतं, तेलाने टिकवलं होतं. दरवर्षी तासभर अंगठ्याने जिरवलेलं करंजाचं तेल.

"मी घरी करून बघितलं, साहेब. लाकडाच्या तुकड्यावर. पण त्या बायकांसारखं जिरत नाही. हात लागतो त्याला. मग मी साचा काढून फायबरचा केला. तीन दिवस तो कपाटात, खरा गावात. मी मुखवटा जपतो म्हणून मला सगळे शाबासकी देतात. मी काय जपणार? जपतात त्या. मी फक्त नेऊन देतो."

"मग पहिल्याच दिवशी हे का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात," तो म्हणाला. "तरी गेलातच."

मला त्याचं म्हणणं पटलं. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण नंतर मी स्वतःशीच असं म्हणत राहिलो की तेव्हा पुरेशी माहिती नव्हती. माहिती होती. गैरसमजातून फिर्याद झाली असा अहवाल पाठवून प्रकरण बंद करायची सोय कायद्यात आहे. मी तसं वरिष्ठांना फोनवर सुचवलंही. पण तोवर प्रेस नोट गेली होती. फोटोत सीलबंद गाठोडं टेबलावर मधोमध, मागे ओळीने आम्ही. मूर्तीतस्करीचा डाव उधळला, असं दुसऱ्या दिवशी छापून आलं. वरिष्ठ म्हणाले, "आता काय म्हणू मी, देवी तेल लावायला नेली होती?" आणि हसले. मीही हसलो. मग नोकराने केलेल्या अपहाराचं दोषारोपपत्र तयार केलं आणि त्यावर सही ठोकली. न्यासाने भाऊला कामावरून काढलं.

जामिनाच्या अटीत दर आठवड्याला ठाण्यात हजेरी होती. भाऊने वार मागून घेतला, सोमवार. सकाळी दहाला यायचा, वहीत सही करायचा आणि मग माझ्या दारात येऊन उभा राहायचा.

"साहेब, मुद्देमाल खोलीत कुठे ठेवलाय?"

"आहे सुरक्षित." हा शब्द मी त्याला परत करत होतो, हे माझ्या लक्षातही यायचं नाही.

"भिंतीला टेकून नाही ना? ओल धरेल. कापड तेवढं बदला. आणि थोडा कापूर ठेवा आत. मी आणलाय."

आमची मुद्देमाल खोली जिन्याखाली होती. एका भिंतीपलीकडे कर्मचाऱ्यांचं न्हाणीघर. आत चोरीच्या सायकली, दारूचे कॅन, रक्ताळलेले कपडे, तुटका टीव्ही, आणि या सगळ्यात लाल सुतळी बांधलेलं ते गाठोडं, एका पोत्यावर. मी त्याला दर सोमवारी एकच उत्तर द्यायचो. सीलला हात लावता येत नाही, कोर्टाची परवानगी आण. तो कापराची पुडी हवालदाराकडे देऊन जायचा. हवालदार ती खोलीच्या दाराबाहेर खिळ्याला अडकवून ठेवायचा. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा झाली तेव्हा कापूर आणायचा राहिला होता. कुणीतरी त्या पुड्या काढून आणल्या. आरती मी केली.

आणि भाऊने खरंच अर्ज केला, सील उघडून कापड बदलायची आणि मुखवटा कोरड्या जागी हलवायची परवानगी मागणारा. तारखा पडत गेल्या. न्यासाच्या वकिलांनी हरकत घेतली, मालकी आमची म्हणून. मग कोर्टाने तपास अधिकाऱ्याचं म्हणणं मागवलं. माझं म्हणणं. अशा अर्जांवर काय लिहायचं ते आमच्याकडे ठरलेलं असतं, ठाण्याचा लेखनिक, म्हणजे रायटर, विचारतसुद्धा नाही. 'मुद्देमालात छेडछाड होण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब अर्ज नामंजूर व्हावा.' त्या दिवशी मला बंदोबस्ताला जायचं होतं. मी उभ्या उभ्या सही केली. अर्ज नामंजूर झाला. पुढच्या सोमवारी भाऊ आला, हजेरीची सही केली आणि माझ्या दाराशी न थांबता गेला. त्यानंतर त्याने मला कापराबद्दल कधी विचारलं नाही. पुडी मात्र ठेवून जायचा.

खटला उभा राहून निकाल लागायला पाचवं वर्ष उजाडलं. मधे माझी बदली झाली आणि फिरून त्याच ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक म्हणून आलो. भाऊ निर्दोष सुटला. अप्रामाणिक हेतू दिसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. संग्रहालयात तोवर तिसरे संचालक आले होते. फायबरचा मुखवटा त्यांनी आधीच सोडवून नेला होता आणि खऱ्यावर त्यांना हक्क सांगायचा नव्हता. मुखवटा गावाला परत द्यावा, असा आदेश झाला.

सकाळची वेळ. भाऊ आला, मानकरीण आली, गावचे दोघं-तिघं आले. मानकरणीने पिशवीतून लाल कापड काढलं आणि तेलाची बाटलीही. माझ्या समोरच्या टेबलावर पंचांपुढे सील तोडलं. सुतळी हाताने ओढताच तुटली. कापड लाकडाला चिकटलं होतं, ते हवालदाराने सोडवलं तसा बारीक भुगा टेबलाच्या काचेवर पसरला.

उजवी बाजू शाबूत होती. डोळा, गाल, अर्धं कपाळ, सगळं काळसर आणि घट्ट. डावी बाजू नव्हतीच म्हणायची. वरून रंगाचा पापुद्रा चेहऱ्यासारखा दिसत होता, आत नुसती चाळण. नाकाच्या मधोमध दोन्ही बाजू वेगळ्या झाल्या होत्या. मानकरणीचा अंगठा त्या दिवशी जिथे थांबवला होता, तिथेच.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, त्याची तयारी म्हणून मी दोन महिला पोलीस बोलावूनही ठेवल्या होत्या. मानकरीण खाली फरशीवर बसली, मुखवटा मांडीवर घेतला, बाटली उघडली आणि अंगठा तेलात बुडवून डाव्या गालाला लावला. थांबवलं होतं तिथून पुढे. अंगठा सरळ आत गेला.

भाऊने वाकून तिचं मनगट धरलं. "ताई, नको," तो म्हणाला. "आता नको लावू."

तिने माझ्याकडे पाहिलं. "घटकाभर थांबा म्हनलं होतं मी तुमाला," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या, सवय होती.

मग कागद. मुद्देमाल परत करताना पावती लागते. आमच्याकडे त्याचा रबरी शिक्का होता: 'वरील मुद्देमाल सुस्थितीत मिळाला.' खाली घेणाऱ्याचा अंगठा, साक्षीदाराची सही आणि ठाणे प्रमुखाची सही. रायटरने शिक्का मारून कागद पुढे सरकवला. मानकरणीने अंगठा उठवला. साक्षीदार भाऊ. त्याने चष्मा लावला, सगळं वाचलं, जसं तो आपल्या वहीतली प्रत्येक ओळ वाचत असणार तसं.

"साहेब, सही करतो," तो म्हणाला. "फक्त हे 'सुस्थितीत' तेवढं खोडा."

खोलीत आठ-दहा माणसं होती. रायटर माझ्या तोंडाकडे बघत होता. तो शब्द खोडला असता तर पुढे खुलासा द्यावा लागला असता. माल कुणाच्या ताब्यात होता, कसा ठेवला, हलवायला विरोध कुणी केला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

"शासकीय कागदावर खोडाखोड चालत नाही, भाऊ," मी म्हणालो.

मग त्याने सही केली, कारण सही केल्याशिवाय बाईला ते उरलेलं लाकूडही मिळालं नसतं, आणि हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. भुगासुद्धा तिने पदरात गोळा करून नेला. टेबलाच्या काचेवर तेलाच्या अंगठ्याचा डाग राहिला होता. जाता जाता भाऊने खिशातून रुमाल काढला आणि तो पुसून टाकला. सवयीने.

मागच्या वर्षी मी तिकीट काढून ते संग्रहालय बघितलं. मिठागराच्या देखाव्यातल्या मिठाला पाणी सुटून दगड झालाय, बायकांच्या पुतळ्यांच्या पायांतल्या सळ्या त्यात गंजल्यात. मुखवट्याच्या कपाटात फायबरचा चेहरा दिव्याखाली झळकतोय आणि खाली पाटी आहे: 'शिवणीचे लाकूड.' भाऊ कोपरीतच असतो असं कळलं. मी राहतो टेंभी नाक्यावर, तिथून कोपरी किती लांब? मी गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो?

या प्रकरणाने काय शिकवलं, असं शेवटी लिहायचं असतं. मला एवढंच कळलं, की मी एकही नियम मोडला नाही. अटक, जप्ती, सील, म्हणणं, पावती, सगळं नियमात बसतं. जो नियम मोडत होता त्याच्या हाती मुखवटा टिकला, आणि माझ्या हाती गेला. नव्या अधिकाऱ्यांना मी सांगतो, की कुणी घटकाभर मागितली तर द्या. ते माना डोलावतात. मीही त्यांच्या वयात डोलावली असती.

ती पावती अजून त्या फाइलमध्ये असेल. भाऊची सही आहे, बाईचा अंगठा आहे, आणि सगळ्यात खाली माझी सही. भाऊ खोडा म्हणाला तेव्हा पेन माझ्या हातात होतं. टोपण काढलेलं.